शाळेत नाश्ता सुरू करताय? आधी या चुका टाळा

दिवाळी सरली की माझा फोन वाजायला लागतो. कधी पुण्यातल्या हिंजवडीच्या कंपनीचा ग्रुप असतो, कधी बाणेरच्या सोसायटीचं मंडळ, कधी वडिलांची पंचाहत्तरी 'काहीतरी वेगळी' करायची असलेली मुलं. मागणी एकच: "ताई, महापालिकेच्या शाळेत मुलांना नाश्ता द्यायचाय. सोमवारपासून सुरू करू या?"

सोमवारपासून! शाळा कुठली ते ठरलेलं नाही, मुलं किती ते माहीत नाही, शिजवणार कोण याचा पत्ता नाही, पण बॅनरचं डिझाइन तयार असतं. या मंडळींच्या मनात खोट नसते हे मला मान्य आहे. पण भुकेल्या मुलाला खायला घालणं हे सोपं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने ते एकदाही पूर्ण वर्षभर केलेलं नसतं. म्हणून त्याच त्या चुका एकदा लिहूनच ठेवते.

आधी थोडं मूळ चित्र. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचं जेवण मिळतं. १९९५ च्या १५ ऑगस्टला ही योजना देशभर सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात दिला, आणि त्यानंतर शाळेत खिचडी आली. २०२१ पासून योजनेचं नाव पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण झालंय. शाळेत मात्र अजून सगळे 'पोषण आहार' नाहीतर नुसतं 'खिचडी'च म्हणतात. पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. धान्यात सांगायचं तर धाकट्याला १०० ग्रॅम तांदूळ नि २० ग्रॅम डाळ, थोरल्याला १५० नि ३०.

हे जेवण दुपारचं. अडचण सकाळची आहे. जनता वसाहत म्हणा, दांडेकर पूल म्हणा, खराडी-वाघोलीकडच्या बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्या म्हणा, आई सहा-साडेसहाला धुण्याभांड्याच्या कामाला नाहीतर साइटवर गेलेली असते. पोर चहा-बटर किंवा चहा-खारी खाऊन येतं, कधी नुसत्या चहावर. अकराच्या आधीच डोकं दुखतं, पोटात दुखतं, नाहीतर शेजारच्याशी मारामारी होते. बाई म्हणतात अभ्यासात लक्ष नाही. सोमवारी तर प्रार्थनेला हमखास एखाद्याला चक्कर येते, कारण शनिवारनंतर पोटभर काही मिळालेलंच नसतं. तेव्हा नाश्त्याची कल्पना चांगलीच आहे. वाट लागते ती पुढे.

जानेवारीत सुरू, मार्चमध्ये बंद

सगळ्यात वाईट चूक ही, आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त होते. कंपन्यांना सामाजिक कामाचा निधी मार्चअखेर संपवायचा असतो. मग डिसेंबरात मीटिंग, जानेवारीत उद्घाटन, फेब्रुवारीत फोटो, आणि एप्रिलमध्ये फोन उचलायला कोणी नाही.

नगर रस्त्याकडच्या एका शाळेत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कंपनीच्या पोरांनी मोठ्या उत्साहाने नाश्ता सुरू केला. उपमा, पोहे, शिरा, बुधवारी उकडलेलं अंडं. काम नीटनेटकं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. महिन्याभरात उशिरा येणारी मुलं वेळेवर यायला लागली, मुख्याध्यापक बाई खूश. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की यंदाचं बजेट संपलं, पुढच्या वर्षीचं मंजूर झालं की कळवतो. सोमवारी मुलं नेहमीसारखी ताटल्या घेऊन व्हरांड्यात रांगेत बसली. अर्ध्या तासाने बाईंनी उठवून वर्गात पाठवली.

इथवर कोणालाही वाईट वाटेल. खरा घोळ मला संध्याकाळी वस्तीत गेल्यावर कळला. एक आई म्हणाली, "मॅडम, शाळेत मिळतंय म्हणून मी सकाळची चपाती बंदच केली होती. तेवढी एक तास झोप व्हायची, गॅस पण वाचायचा." दुसरीने त्या तासात आणखी एक घर धरलं होतं कामाला. आता ते घर सोडायचं कसं? म्हणजे नाश्ता येण्याआधी त्या पोराला निदान अर्धी चपाती मिळत होती. नाश्ता येऊन गेल्यावर तीही गेली. मदत बंद झाल्यावर घर पूर्वीच्या जागी परत जात नाही. घराने तोवर आपलं वेळापत्रक, आपला खर्च, सगळं बदललेलं असतं. गरिबाच्या घरात कुठलीच गोष्ट वरकड नसते, त्यामुळे एक कमी झाली की दुसरीने तिची जागा लगेच घेतलेली असते.

त्या मुख्याध्यापक बाईंनी पुढच्या वर्षी आलेल्या दोन ग्रुपांना दारातूनच परत पाठवलं. मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

माझी पद्धत आडमुठी आहे. वर्षाचे सगळे पैसे खात्यात दिसल्याशिवाय मी पहिल्या दिवसाचे पोहे भिजवू देत नाही. शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाचे किमान २०० दिवस शाळा आहे, सहावी ते आठवीला २२०. एका मुलाचा रोजचा खर्च गुणिले मुलं गुणिले २२०, ही रक्कम दाखवा, मग बोलू. पैसे कमी पडत असतील तर महिने कापू नका, पदार्थ कापा. वर्षभर रोज एक केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे हे अडीच महिन्यांच्या गरमागरम उपम्यापेक्षा कितीतरी चांगलं. नाहीतर छोटी शाळा घ्या. आणि बंद करायची वेळ आलीच तर शाळा व्यवस्थापन समितीत निदान महिनाभर आधी सांगा. या समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निरोप वस्तीत त्याच दिवशी पोचतो. सुरू करतानाही आधी तिथेच जा. अधिकाऱ्याच्या केबिनमधला फोटो नंतर काढा.

'गरजू मुलांची यादी द्या'

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. चाळीस जणांच्या वर्गातून बारा 'गरजू' निवडायचे आणि त्यांना बाहेर बोलावून खायला घालायचं! चौथीतल्या पोरालासुद्धा कळतं की आपल्याला का बोलावलंय. पहिल्या दिवशी बारा येतात, पुढच्या आठवड्यात सात, आणि जे येत नाहीत त्यांतच सगळ्यात उपाशी मूल असतं, कारण त्याच्या आईने घरी बजावलेलं असतं की आपण भिकारी नाही. सरकारी खिचडीत हजार दोष काढा, पण ती वर्गातल्या प्रत्येकाला मिळते, एका पंगतीत बसून. शिकायचं तर तेवढं तिच्याकडून शिका. वर्ग घ्याल तर पूर्ण वर्ग घ्या. ज्याला नको ते मूल घेणार नाही, तो त्याचा प्रश्न.

गरम डबा म्हणजे चांगला डबा, असा समज

पुण्यात बहुतेक शाळांत जेवण शाळेत शिजत नाही. मोठ्या स्वयंपाकघरात पहाटे शिजतं आणि टेम्पोने पोचतं. नाश्तावाले हौशी ग्रुपही हेच करतात, फक्त त्यांना त्यातली मेख माहीत नसते.

मार्चअखेरचे दिवस, उन्हाचा तडाखा. एका ग्रुपने 'प्रोटीन' म्हणून मोड आलेल्या मटकीची उसळ ठरवली होती. मटकी आदल्या सकाळी भिजवली, रात्री फडक्यात बांधली. त्या हवेत तिला मोड कसले, वास यायला लागला असणार. पहाटे साडेचारला उसळ झाली, वाफ जिरायच्या आत नव्या कोऱ्या इन्सुलेटेड कॅनमध्ये भरली, वरून झाकण घट्ट. शाळेत वाढायची वेळ साडेदहा. मी विचारलं, सहा तास ठेवणार? तर ग्रुपचा म्होरक्या म्हणतो, "ताई, कॅन इन्सुलेटेड आहे, काही होत नाही." झाकण उघडलं, वर वाफ, रंग छान, मिरची-कोथिंबीर ठीक. शिक्षकांनी वरचा एक चमचा घेऊन चवीच्या नोंदवहीत सही केली. वाढायला उभ्या असलेल्या मावशींनी मात्र डाव तळापर्यंत घातला, ढवळला आणि नाक मुरडलं. तळाला फेस होता. त्यांनी कोणाला न विचारता कॅन बंद केला. म्होरक्या हुज्जत घालत राहिला की चव तर आत्ताच घेतली. मावशी ढिम्म. त्या दिवशी मुलांना केळी वाटली, आणि कोणी आजारी पडलं नाही ते केवळ मावशींमुळे.

इन्सुलेटेड कॅन अन्न गरम करत नाही, आहे तसं धरून ठेवतो. आत कोमट गेलं की सहा तास कोमटच राहतं, आणि जंतूंना कोमटच हवं असतं. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर राहिलं पाहिजे. भाताचं तर आणखी वेगळं आहे: तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की पुन्हा जोर धरतात. म्हणून 'परत एक उकळी काढली की झालं' हा आपला घरगुती इलाज इथे चालत नाही; त्या जंतूंचं विष उकळीला दाद देत नाही.

माझ्या सवयी सांगते. कॅनमध्ये आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवायचं, ओतून द्यायचं, मग अन्न भरायचं. शिजल्यापासून ताटात पडेपर्यंत दोन तास, त्यावर नाही. रस्ता लांब असेल तर शाळा बदला किंवा आचारी बदला. स्वयंपाकाचा थर्मामीटर मी पर्समध्येच ठेवते. चव वरून नाही, तळाहून घ्यायची. शाळेच्या जेवणाच्या २०१५ च्या नियमांत वाढण्याआधी निदान एका शिक्षकाने चव घ्यायची असं स्पष्ट आहे. पण सहीसाठी घेतलेली चव आणि खाण्यासाठी घेतलेली चव यांत फरक असतो. मार्च ते पाऊस पडेपर्यंत मोडाची कडधान्यं बंद, त्याऐवजी भाजलेले फुटाणे. आणि वाढणाऱ्या मावशीने 'नको' म्हटलं तर तो शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही, मग समोर कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट उभा असो.

तेलाच्या डब्याबद्दलही इथेच. २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. त्यानंतरही मी शाळांच्या खोल्यांत फिनेलचा कॅन आणि तेलाचा डबा शेजारी शेजारी पाहिलेत, आणि 'रिकामा होता म्हणून' कशाचातरी डबा धुऊन त्यात भरलेलं तेल पाहिलंय. असं दिसलं की मी तेल तिथल्या तिथे फेकायला लावते. पैसे वाया जातात म्हणून कुरकुर होते. होऊ दे.

तांदळातले 'प्लास्टिकचे दाणे' वेचणं

गेल्या काही वर्षांत पोषण आहाराचा तांदूळ बऱ्याचदा पोषणमूल्य वाढवलेला आलाय. साधारण शंभर दाण्यांत एक दाणा तांदळाच्या पिठाचा बनवलेला असतो, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेलं असतं. हा दाणा रंगाने जरा वेगळा दिसतो, धुताना पाण्यावर तरंगतो, आणि वस्तीत कोणीतरी प्लास्टिकचा तांदूळ आल्याचा व्हिडिओ फिरवलेला असतोच. मग स्वयंपाकी ताई बिचाऱ्या तासभर बसून तेच दाणे वेचतात, किंवा वरचं पाणी दाण्यांसकट ओतून देतात. ज्यासाठी खर्च केला तेच मोरीत! एकदा हलक्या हाताने धुवा, बेताच्या पाण्यात शिजवा, पेज ओतू नका. पालकांच्या सभेत एक मूठ तांदूळ ताटात घेऊन तो दाणा दाखवा. दहा मिनिटांत शंका फिटते. वरून जेवणाबरोबर लिंबाची फोड द्या, लोह अंगी लागायला मदत होते. आणि नाश्त्याबरोबर चहा देणाऱ्यांना तर मी हात जोडते. चहा लोह नीट शोषू देत नाही. मुलांना आवडतो, मान्य. मुलांना पतंगाचा मांजाही आवडतो.

फक्त लहान मुलं दिसणं

सगळ्यांना पहिली-दुसरी हवी असते. गोड दिसतात, गाणी म्हणतात, फोटो छान येतात. पण सरकारी योजना आठवीला संपते. जे मूल एप्रिलपर्यंत रोज जेवत होतं, ते जूनमध्ये नववीत गेलं की त्याचं ताट बंद. भूक मात्र त्याच वर्षी दुप्पट झालेली असते. मुलगा असेल तर हाताला काम लागतं, मुलगी असेल तर पाळी सुरू होऊन अंगातलं रक्त कमी होतं. नववी-दहावीची मुलं मागत नाहीत, लाजतात, रांगेत यायला लावलं तर येत नाहीत. त्यांना वर्गात मॉनिटरकरवी उकडलेली अंडी, केळी, गुडदाणी अशी हातात धरून खाता येईल अशी वस्तू पाठवा. वाढायला उभे राहू नका, भाषण करू नका. कोणी नवा ग्रुप मला विचारतो, सुरुवात कुठून करू, तेव्हा मी नववी सांगते. दहातले आठ जण त्यानंतर फोन करत नाहीत.

अंड्याबद्दल एवढंच: एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, भेसळ करता येत नाही, सोलून हातात देता येतं. राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबवला. ती जागा रिकामी आहे, देणगीदारांनी भरावी. जी मुलं खात नाहीत त्यांना केळं, पण रांग एकच. अंडेवाले इकडे, केळीवाले तिकडे असलं काही करायचं नाही.

आता बाकीच्या किरकोळ चुका, भराभर.

ग्लुकोजच्या बिस्किटांना नाश्ता म्हणू नका. पुडा फाडायला सोपा आहे म्हणून तुम्हाला तो आवडतो.

नाश्ता नऊ वाजता दिला तर खिचडी बाराला खाल्ली जाते. साडेदहाला दिलात तर खिचडी टाकली जाते, आणि मग म्हणायचं मुलांना खिचडी आवडत नाही.

पाच किलो पोहे एकदम भिजवाल तर सिमेंट मिळेल. किलो-किलोने, चाळणीत. शंभर मुलांना पाच किलो पुरतात, सोमवारी सहा घ्या.

वाढदिवसाचा केक शाळेत आणू नका. त्याच पैशांत खिचडीबरोबर दही आणि एक फळ द्या, स्नेहभोजन म्हणून शाळा आनंदाने घेते.

जंताच्या गोळ्यांची मोहीम फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये असते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची नावं बाईंकडून घ्या. नाहीतर तुम्ही मुलाला खाऊ घालताय की जंतांना, सांगता येत नाही.

हात धुवायला साबण नसेल तर पहिल्या आठवड्याचे पैसे साबणावर घाला.

फुकट वाटताय म्हणून अन्नसुरक्षा नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे. २००६ च्या कायद्यात नफ्यासाठी असो वा नसो, असंच लिहिलंय.

भांडी ऑनलाइन मागवू नका. बोहरी आळीत जा, टोप उचलून बघा, बूड जाड आहे का बघा. पातळ बुडाच्या टोपात उपमा लागतो आणि जळका वास शंभर ताटांत जातो.

स्वयंपाकी ताई आणि मदतनीस फार थोड्या मानधनावर राबतात. तुमच्या उपक्रमाची जादा भांडी त्यांनीच घासायची, असं परस्पर ठरवू नका. त्यांना वेगळे पैसे द्या, महिन्याच्या महिन्याला, पाकिटात आणि वेळेवर.

फोटो काढायचाच असेल तर टोपाचा काढा.

आणि पुण्यात आहात तर पंचांग बघा. जून-जुलैत पालख्या मुक्कामाला आल्या की नाना पेठ, भवानी पेठेकडे टेम्पो नेता येत नाही. गणपतीत मध्यवस्तीतल्या शाळांच्या वाटा बंद असतात. अशा दिवसांसाठी आदल्या दिवशी शाळेत गुडदाणी आणि फुटाण्यांचे डबे पोचवून ठेवायचे, कुलूप लावून, किल्ली मावशींकडे. मुख्याध्यापकांकडे दिली तर ते नेमके त्या दिवशी मीटिंगला गेलेले असतात.